कुड्याची साल आणि काचेची बशी

सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ऐन उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी डवरणारा कुडा नाशिककरांस अपरिचित नाही. त्याची साल अतिसारावरील औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आजीबाईंच्या बटव्यात राहिली, कुटजारिष्टाच्या रूपाने औषधालयांच्या फडताळांत गेली, आणि अलीकडच्या काळात विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत ‘अर्क’ या नावाने रुजू झाली आहे. अशाच एका प्रबंधिकेच्या मसुद्यावरून पंचवटीतील एका वयोवृद्ध वैद्यांचा आणि शहरातील महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या त्यांच्या भाचीचा जो संवाद माझ्यासमक्ष झाला, तो मी शक्य तितका त्यांच्याच शब्दांत येथे मांडीत आहे. दोघेही मला आदरणीय आहेत. तथापि जेथे मला स्वतःचे मत आहे तेथे ते मी लपविणार नाही.

कुड्याच्या सालीच्या अर्काचे जीवाणुरोधी आणि कर्करोगविरोधी गुणधर्म, असा मसुद्याचा विषय होता. आरंभीच्या छायाचित्रात एक काचेची बशी दिसत होती. तिच्यातील आगरच्या फिकट पिवळसर थरावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूची दाट, दुधी वाढ पसरलेली होती आणि त्या वाढीत चार वाटोळी छिद्रे पाडलेली होती. तीन छिद्रांत निरनिराळ्या द्रावकांनी काढलेले अर्क होते, आणि त्या प्रत्येकाभोवती जीवाणू नाहीसे होऊन स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ उमटले होते. चौथ्यात नुसता द्रावक होता व तेथे दुधी वाढ छिद्राच्या थेट कडेपर्यंत येऊन भिडली होती. मामांनी चष्मा पुसला, ते चित्र बराच वेळ न्याहाळले, आणि वर्तुळाविषयी चकार शब्द न काढता विचारले, “ही साल कुणी आणली?”

“विद्यार्थ्याने. बाजारातल्या काष्ठौषधींच्या एका दुकानातून,” भाची म्हणाली आणि उरलेल्या सालीची पुडी तिने त्यांच्यापुढे ठेवली.

“मग त्याने वर्तुळ कुणाचे मोजले, ते आधी ठरव. आपल्याकडे कुडा दोन तऱ्हांचा. ज्याच्या बियांना आपण कडू इंद्रजव म्हणतो तो पांढरा कुडा, तो अतिसाराचा. आणि ज्याचे बी गोडे इंद्रजव म्हणून ओळखले जाते तो काळा कुडा, त्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींस चिकटून लोंबतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. झाड उभे असताना सुरगाण्याकडचे लहान पोरही हा फरक सांगेल. परंतु साल सोलून, वाळवून, तुकडे करून पोत्यात भरली, की व्यापाऱ्यासही तिची ओळख राहत नाही, आणि राहिली तरी तो ती सांगेलच असे नाही.” एवढे बोलून त्यांनी पुडीतील एक तुकडा मोडला, त्याचा कण जिभेवर ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, “कडू कुड्याचा कडवटपणा घशापर्यंत उतरतो आणि लवकर सुटत नाही. या सालीला तो नाही, बाळ.”

“तुमची जीभ मला परिशिष्टात जोडता येणार नाही, मामा, पण तुमची हरकत मला पूर्ण मान्य आहे,” भाची म्हणाली. “हा मसुदा मी याच कारणासाठी परत केला आहे. फूल, पान आणि शेंग यांसह दाबून वाळविलेला नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे पाठवावा, त्यांचा ओळखीचा दाखला घ्यावा आणि मगच सालीला हात लावावा, हा शिरस्ता आहे. विद्यार्थ्यांना ती केवळ कागदोपत्री औपचारिकता वाटते. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. करोनाच्या भीतीने त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृतास इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, की त्यांच्या पोटात गेली ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलेच नाही. एवढा मोठा वाद, आणि त्याच्या मुळाशी काय, तर ओळखीचा दाखला.”

येथवर दोघांत मतभेद नव्हता, आणि मला वाटते, या सबंध विषयाचा पाया एवढाच असता तर तो लिहून काढण्याचे मला कारण पडले नसते. मतभेद पुढे होता, आणि तो मामांनीच काढला.

“धरून चाल, की साल खरी होती. तुझा विद्यार्थी तिचे चूर्ण करतो, आणि आधी पेट्रोलियम ईथर, मग क्लोरोफॉर्म, मग अल्कोहोल अशी पाळीपाळीने तिच्यावर ओततो. कोणता रोगी कुड्याची साल क्लोरोफॉर्ममधून घेतो? स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट, अशा पाच कल्पना आमच्या आचार्यांनी उगीच सांगितल्या नाहीत. कोणते द्रव्य कढवावे, कोणते नुसते भिजत घालावे, कोणते कुटून पिळावे, हे त्यांनी अनुभवाने ठरविले. तुम्ही ती वाट सोडता, भलत्याच वाटेने जाता, आणि गुण सापडला नाही की म्हणता, परंपरेत तथ्य नाही.”

“वाट सोडण्याचे कारण आहे. सालीत शेकडो द्रव्ये एकत्र असतात. कोणते तेलकट द्रावकात उतरते, कोणते पाण्यात, यावरून त्यांची वाटणी होते, आणि गुण नेमका कोणत्या वाट्यात आहे याचा माग लागतो. परंतु तुमच्या बाजूने एक दाखला मीच देते. चीनमध्ये मलेरियावर औषध शोधताना तू यूयू या बाईंनी सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क पाहिले. छिंगहाव या वनस्पतीचा गुण एकदा दिसे, पुन्हा दिसत नसे. तेव्हा त्या चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथाकडे वळल्या. त्यात ती वनस्पती उकळावी असे नव्हतेच. मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असे होते. उष्णतेने गुण जातो हे त्यांच्या ध्यानात आले, त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर घेतला, आणि १९७१ मध्ये अर्काने काम केले. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते या कामासाठी.”

“म्हणजे ग्रंथाने वाट दाखविली.”

“ग्रंथाने प्रश्न दाखविला, मामा. उत्तर ईथरने काढले, आणि ते खरे की खोटे हे उंदरांनी, माकडांनी आणि शेवटी माणसांनी ठरविले. अहो, ग्रंथ तर कैक होते, आणि त्यांतील बहुतेक कृतींतून काही निघाले नाही, हेही तितकेच खरे.”

मामांनी मान हलविली, पण ती संमतीची होती असे म्हणवत नाही. ते उठून अंगणाकडे गेले आणि तेथल्या गुलाबी फुलांच्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणाले, “ही सदाफुली. मधुमेहावर हिची पाने चावून खाणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. तुमचे शास्त्र हिच्याविषयी काय म्हणते?”

भाचीने सांगितलेली हकीकत मी थोडक्यात देतो. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांकडे सदाफुलीची पाने आली, ती मधुमेहावरील लोकौषध म्हणूनच. अर्क तोंडावाटे दिला तेव्हा रक्तातील साखरेवर परिणाम दिसला नाही. तो टोचून दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले. कारण पाहता आढळले, की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. जे द्रव्य पांढऱ्या पेशींची वाढ रोखते ते रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, हा तर्क तेथून निघाला. १९५८ मध्ये त्यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले, पाठोपाठ अमेरिकेतील एका औषधकंपनीत व्हिन्क्रिस्टिन हाती लागले, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियावर ते आजही दिले जाते. टनावारी पाने घालावीत तेव्हा कोठे ग्रॅमवारी औषध पदरात पडते.

“आता यात श्रेय कुणाचे?” भाची म्हणाली. “लोकांनी सांगितलेला गुण मिळाला नाही, न सांगितलेला मिळाला. लोकौषध नसते तर ती पाने प्रयोगशाळेत आलीच नसती, आणि प्रयोगशाळा नसती तर माणसे ती मधुमेहावर चावीत राहिली असती.”

“आणि पांढऱ्या पेशी मारणारे झुडूप म्हणून ते विषही आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे समजू नकोस,” मामा म्हणाले. “विष आणि औषध यांत मात्रेचे अंतर असते. पण मात्रा म्हटली, की तुझ्या त्या बशीकडे पुन्हा यावे लागते.”

या ठिकाणी मामांनी जी शंका काढली, ती मला त्या दिवसातील सर्वांत मार्मिक वाटली. त्यांनी विचारले, की छिद्रात अर्क किती घातला आणि शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या इंग्रजी औषधाच्या चकतीत औषध किती होते. भाचीने तपशील काढून दिला : अर्क दहा मिलीग्रॅम, जेंटामायसिन दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्काचे वजन सहस्रपट, आणि तरीही मसुद्यात दोन वर्तुळांचे व्यास एकाखाली एक मांडून ‘तुल्यबळ’ असा शेरा मारलेला होता. तो शेरा तिने तांबड्या शाईने आधीच खोडला होता. तिने पुढे सांगितले, की वर्तुळाचा व्यास हे गुणाचे माप नव्हेच. जे द्रव्य आगरमध्ये सहज पसरते त्याचे वर्तुळ मोठे, जे पसरत नाही त्याचे लहान, मग गुण काहीही असो. खरे माप निराळे आहे : अर्क पायरीपायरीने पातळ करीत जायचा आणि जीवाणूंची वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा शोधायची. एका मिलीलीटरास एक मिलीग्रॅमहून अधिक अर्क लागत असेल तर गुणाचा दावा करू नये, आणि शंभर मायक्रोग्रॅमच्या आत काम होत असेल तर पुढे जावे, असे या शास्त्रातील जाणकार मानतात.

कर्करोगाचे कोष्टक याहून नाजूक होते. अशा अर्कांची मानवी कर्करोगपेशींवर तपासणी करून देण्याची सोय खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेत आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये आपले नमुने तेथे पाठवितात. तेथील निकष असा, की पेशींची वाढ निम्म्याने रोखण्यास अर्क मिलीलीटरामागे वीस मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी पुरला, तरच तो कार्यक्षम मानावा. मसुद्यातील अर्काने ऐंशी मायक्रोग्रॅमलाही वाढ निम्म्यावर आणली नव्हती. विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘मध्यम स्वरूपाचा कर्करोगविरोधी परिणाम’.

“तो परिणाम नव्हे, तो नकार आहे,” भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजात प्रथमच राग होता. “आणि समजा, वीसच्या आत आला असता, तरी काय सिद्ध झाले असते? काचेतल्या पेशी फिनेलनेही मरतात. निरोगी पेशी जिवंत ठेवून रोगट तेवढ्याच मारतो का, पोटातून रक्तात पोहोचतो का, यकृतात त्याचे काय होते, हे सगळे पुढचे प्रश्न. आमच्याकडे वर्षानुवर्षे पहिली पायरी चढली जाते, छायाचित्र काढले जाते, पदवी मिळते, आणि दुसऱ्या पायरीवर कुणीही पाय ठेवीत नाही.”

“आज तू माझी बाजू मांडते आहेस. काचेतल्या पेशीला अग्नी नाही, कोठा नाही, प्रकृती नाही, हेच मी इतकी वर्षे म्हणत आलो.”

“पण त्यावर तुम्ही म्हणता, की म्हणून चाचणीच नको. मी म्हणते, चाचणी अर्ध्यावर सोडू नका. आपल्या नंदुरबारचे उदाहरण घ्या. मनसुख वाणी यांचा जन्म तिथे १९२५ साली झाला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले, ते १९६६ साली प्रसिद्ध झाले. आणि पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल काढले, त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात एक लाखाहून अधिक अर्क तपासले, त्यांतून मोठी म्हणावी अशी औषधे ही दोन. टॅक्सॉलची साल १९६२ मध्ये जंगलात सोलली गेली, पेशीत ते नेमके काय करते हे १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी दाखविले, आणि रुग्णांसाठी मंजुरी मिळाली ती १९९२ मध्ये. तीस वर्षे! कॅम्प्टोथेसिनची तर माणसांवरील पहिली चाचणी दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. ते कोणत्या एन्झाइमला धरते हे १९८५ मध्ये कळले आणि त्यापासून बनविलेली औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. विद्यार्थ्याने एका सत्रात ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द लिहावा, यात मला त्या तीस वर्षांचा अपमान दिसतो.”

मामा थोडे थांबून म्हणाले, “वाणींविषयी मला आदर आहे. खानदेशातला मुलगा एवढ्या दूर जाऊन लाखो रोग्यांच्या उपयोगी पडला. पण कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, हे पुढे कळले ना?”

“१९७२ मध्ये. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखविले.”

“आणि मग नरक्याचे काय झाले ते सांग. लाकडाला दुर्गंधी म्हणून ज्या झुडपाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, ते किलोच्या भावाने विकले जाऊ लागले. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे रातोरात तोड झाली, वनखात्याने गाड्या पकडल्या, आणि आज त्याची गणना धोक्यातल्या वनस्पतींत होते. गुण सिद्ध झाला तो झाडाच्या मुळावर आला. वैद्य साल काढतो तेव्हा एका रोग्यापुरती काढतो. तुमचे सिद्ध झालेले सत्य मात्र अख्खे रान मागते.”

या आक्षेपास भाचीकडे अर्धेच उत्तर होते आणि तिने ते अर्धेच दिले. टॅक्सॉलच्या बाबतीतही हीच आपत्ती उभी राहिली होती. परंतु झाड मारून साल घेण्याऐवजी यूच्या पाल्यातून अर्धे तयार द्रव्य घेऊन उरलेली रचना प्रयोगशाळेत पुरी करण्याची युक्ती रसायनज्ञांनी काढली आणि पाला पुन्हा फुटतो. नरक्याच्या बाबतीत लागवडीचे प्रयत्न आहेत, पण तोडलेले रान त्याने परत येत नाही, हे तिने मान्य केले. मला मामांचे म्हणणे येथे अधिक वजनदार वाटले. गुणाचा शोध जाहीर करताना त्या वनस्पतीच्या पुरवठ्याचा विचारही त्याच कागदावर असला पाहिजे, आणि प्रबंधिकांत तो औषधालाही सापडत नाही.

मात्र पुढच्याच मुद्द्यावर माझे मत भाचीकडे झुकले. मामा म्हणाले होते, की शतकानुशतकांच्या वापराने जे निर्धोक ठरले त्याची नव्याने फेरतपासणी कशाला. त्यावर ती म्हणाली, “ओकारी, जुलाब, घेरी हे परंपरेला दिसते, मामा, कारण ते त्याच दिवशी होते. वीस वर्षांनी होणारे दिसत नाही. आपल्या सापसंदाच्या कुळातल्या वनस्पती जगभर औषधात होत्या. बेल्जियममध्ये वजन उतरविण्याच्या गोळ्यांत चुकून त्या कुळातली एक चिनी वनस्पती गेली, आणि १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्या बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्यापैकी काहींच्या मूत्रमार्गात कर्करोग निघाला. एखाद्या वैद्याने आज दिलेल्या चूर्णाचा आणि इतक्या वर्षांनी झालेल्या गाठीचा संबंध कोणत्या वहीत नोंदवायचा?”

“मान्य,” मामा म्हणाले. “पण तो तुझ्या तीन महिन्यांच्या प्रबंधिकेलाही दिसणार नाही.”

“नाही दिसणार. म्हणूनच तिच्या शेवटच्या पानावर ‘सुरक्षित’ हा शब्द मी येऊ देत नाही.”

यानंतर मामांनी आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांचा विषय काढला. वर्तमानपत्रात अमुक वनस्पतीने कर्करोग बरा होतो असे छापून आले, की दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी त्या बातमीचे कात्रण घेऊन त्यांच्या ओसरीवर येते. क्वचित कुणी रुग्णालयातील उपचार मध्येच सोडून येते. अशा माणसास ते परत पाठवितात, ‘आधी तेथले पुरे करा’ असे बजावून. परंतु अन्नावरची वासना जावी, तोंड यावे, झोप उडावी अशा तक्रारींवर काढा देण्यास त्यांना संकोच वाटत नाही. भाचीची हरकत या काढ्याला होती. रुग्णालयातील औषधे यकृतातील ज्या एन्झाइमांवर अवलंबून असतात, त्यांच्यावर काही वनस्पतींचा परिणाम होतो, तेव्हा काढ्याची चिठ्ठी तेथील डॉक्टरांना दाखविल्याशिवाय एक घोटही देऊ नये असे तिचे म्हणणे. मामा म्हणाले, डॉक्टर चिठ्ठी पाहतच नाहीत, पाहिली तर रुग्णाला रागावतात, आणि मग रुग्ण ती लपवितो. यावर दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले, आणि मला दोघांचेही दुःख खरे वाटले. कारण यात भरडला जातो तो चिठ्ठी लपविणारा माणूस.

अखेर संवाद पुन्हा सालीवर आला. विद्यार्थ्याने काम नव्याने करावे, हे ठरले. मामांचा आग्रह, की साल शरद ऋतूतच काढावी. मूळ, पान, साल, चीक, सार आणि फळ यांचे ऋतू वेगवेगळे सांगितले आहेत.

“सुश्रुतात ते मत आहे, पण ते ‘काही आचार्यांचे’ म्हणून दिले आहे, आणि तेथेच त्यावर आक्षेपही घेतला आहे,” भाची म्हणाली. “तेव्हा शरदात एकदा काढू, ग्रीष्मात एकदा काढू, दोन्हींचा क्वाथही करू आणि अल्कोहोलमधला अर्कही. त्या जुन्या वादात कोण बरोबर होते ते कुड्यापुरते तरी कळेल.”

या सूचनेने मामा मनापासून सुखावले. सुरगाण्याकडचा एक जाणता वैदू त्यांच्या परिचयाचा होता. त्याच्यासह स्वतः जाऊन झाड दाखविण्याचे त्यांनी कबूल केले. भाचीने अडचण सांगितली, की शरदापर्यंत थांबायचे तर प्रबंधिकेची मुदत टळेल, वाढीव मुदतीचा अर्ज करावा लागेल आणि तो मंजूर होईलच असे नाही. न झाल्यास हा विद्यार्थी नकाराचा निकाल नकार म्हणूनच लिहून देईल आणि दोन ऋतूंचे काम पुढच्या तुकडीकडे जाईल.

“काही होवो, त्या वैदूचे आणि त्याच्या पाड्याचे नाव मात्र कागदावर आले पाहिजे,” मामा म्हणाले. “हळदीने जखम भरते हे घरोघर ठाऊक असता १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले, आणि ते रद्द करून घेण्यासाठी माशेलकरांच्या संस्थेला जुने दप्तर धुंडाळावे लागले. ज्याने झाड दाखविले त्याची नोंद नसेल तर उद्या त्याची बाजू कोण मांडणार?”

“विद्यापीठाच्या नमुन्यात तसा रकाना नाही.”

“मग आखून घे.”

“आखते. पण त्याचे नाव छापण्यापूर्वी त्याची परवानगी विचारायला तुमच्याबरोबर मीही येईन, आणि त्या अर्काचे पुढे काय होऊ शकते, रानाचे काय होऊ शकते, ते त्याला आधी समजावून सांगेन. तो नको म्हणाला, तर झाड तिथेच राहील आणि प्रबंधिकेला दुसरा विषय शोधू.”